मैत्रीच्या गळ्यातली टेप

मी एक टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. पिवळी, पाच फूट लांब, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. सध्या माझा मुक्काम दिघीच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत, स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही. कुणाची मापं चारचौघांत बोलायची नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं आहे.

शिकवलं ते भागोजीने. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एका खोक्यात आम्ही बारा जणी गुंडाळी करून बसलो होतो, एवढंच आठवतं. अलिबागच्या बाजारात भागोजीने मला उचललं, दुकानातल्या लोखंडी गजाशी ताडून पाहिलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. आगरदांड्याला जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, कापड बेतायला एक लांब फळी आणि दारावर निळ्या अक्षरांची पाटी : भागोजी टेलर.

माणूस माझ्यासमोर उभा राहिला की आधी खोटं बोलतो. तोंडाने नाही, पोटाने. मी कमरेभोवती गेले की श्वास आत ओढतो आणि दोन इंचांनी बारीक होतो. भागोजी त्याला तसं कधी बोलला नाही. तो मला तशीच सैल धरून विचारायचा, औंदा मासळी कशी हाय, पोरगी कितवीला गेली. गिऱ्हाईक उत्तर द्यायला लागलं की श्वास सुटायचा, आणि भागोजी तेवढ्यात आकडा वाचून घ्यायचा. आकडा वहीत जायचा, ओठांवर कधी यायचा नाही. बायकांची मापं त्याची बायको पुतळाबाई घ्यायची, आणि पोर नववीत गेल्यावर ती पोर घ्यायला लागली. त्या पोरीचं नाव मैत्री.

आजूबाजूच्या चार गावांतल्या शाळांचे गणवेश भागोजी शिवायचा. जूनच्या आधीचे दोन महिने मला फळीवर टेकायला उसंत नसायची. मग एका वर्षी शाळांनी मुंबईहून तयार गणवेश मागवले. पुढच्या वर्षीही तेच. भागोजीने आणखी एक हंगाम वाट पाहिली आणि दुकान रिकामं केलं. दारावरची पाटी जाड पत्र्याची होती, ती घरी न्हाणीच्या दाराला ठोकली. दोन पावसाळ्यांनी छातीच्या दुखण्यात तो गेला. त्याच्या शर्टाच्या खिशातून मला काढलं ते मैत्रीने.

मैत्री तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ते वर्ष तिने सोडलं. खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला, ही माल साठवणारी कंपनी नवीन आली होती. तिथे साफसफाईची माणसं दयाराम नावाचा कंत्राटदार पुरवायचा. त्याच्याकडे मैत्रीने नाव घातलं. रोज सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडायची, ऑफिसच्या दोन मजल्यांच्या लाद्या पुसायच्या, काचा पुसायच्या, चहाचे कप फिरवायचे. पाच वर्षं असं चाललं. पर्समध्ये डब्याशेजारी मी असायची. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली कुणी बाई यायची, मैत्री, जरा हा ब्लाउज सैल कर गं म्हणायची, आणि मला तेवढंच बाहेरचं वारं लागायचं.

अशाच एका सुट्टीत नेत्रा मॅडमनी आम्हाला पाहिलं.

नेत्रा मॅडम एचआरच्या. तिशी ओलांडलेली, हुशार, चालताना नेहमी फोन कानाला. कंपनीचा वार्षिक दिन सव्वा महिन्यावर आला होता. मुंबईहून मोठे साहेब येणार होते, आणि ज्या शाखेचा कार्यक्रम सगळ्यांत चांगला होईल तिला ढाल मिळणार होती. नाच-गाणी सगळेच करतात म्हणून मॅडमनी फॅशन शो ठरवला होता. ऑफिसातल्याच माणसांनी किनाऱ्यावरचे पारंपरिक पेहराव घालून चालायचं. नाव ठेवलं होतं ‘किनाऱ्याचा पेहराव’. मुंबईची एक डिझायनर बोलावली होती, पण तिने ऐन वेळी अंग काढून घेतलं. मॅडम त्याच काळजीत बाथरूममध्ये तोंड धुवायला आल्या, तर मैत्री मला धरून डिस्पॅच खात्यातल्या एका बाईंचा मुंढा, खांद्याभोवतीचा घेर, मोजत होती.

तू शिवतेस का, असं त्यांनी विचारलं. बाबा शिवायचे, त्यांनी शिकवलं, असं मैत्री म्हणाली. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेचं माप मला अजून आठवतं. आधी तिच्या निळ्या युनिफॉर्मवर थांबली, मग माझ्यावर, मग तिच्या तोंडावर.

त्या दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये सगळं ठरलं. बारा जणांचे कपडे मैत्रीने बेतायचे, शिवायचे, नेसवायला शिकवायचे. कोणी कसं चालायचं, कोण कोणामागून यायचं, तेही तिनेच बघायचं. साफसफाईतून तिला दुपारी दोन तास मोकळीक. शेवटी स्टेजवर तिचं नाव पुकारायचं आणि प्रमाणपत्रावरही ते छापायचं. आणखी एक गोष्ट मॅडम आपणहून बोलल्या. ऑफिसात सहायकाची एक जागा निघणार आहे, कायम. बारावी झालेलं चालतं. मी तुझं नाव पुढे करेन.

 केबिनबाहेर आल्यावर मैत्रीने मला पर्समध्ये ठेवलं नाही, गळ्यात घातलं. तिच्या मानेवरची शीर माझ्याखाली उडत होती. त्या दिवसापासून पाच आठवडे मी तिथेच होते.

माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेच. घरी पुतळाबाई काजं-बटणं करायची आणि मैत्री मशीनवर. दुपारी गोदामात तालीम. मालाखालच्या लाकडी फळ्या जोडून चालायचा रस्ता केला होता. हिशेब खात्याचा ओंकार त्यावरून अशा घाईने जायचा, जणू पलीकडे बँक बंद होतेय. कोळ्यांचा गुडघ्यापर्यंतचा रुमाल नेसायला तो तयारच नव्हता. आत हाफ पँट शिवून देते म्हटल्यावर मानला. डिस्पॅचच्या बाई दिघीच्याच, मुसलमान मोहल्ल्यातल्या. त्यांनी आपल्या आजीच्या लग्नातली ओढणी आणली होती. तिच्या जरीला धक्का न लावता मैत्रीने खाली अस्तर लावलं, तेव्हा बाईंनी मैत्रीचा हात दोन्ही हातांत धरला. ज्यांना ती रोज चहा द्यायची ती माणसं आता तिच्यापुढे हात पसरून उभी राहायची आणि विचारायची, बरं दिसतंय का गं. मैत्री मला सैल धरून त्यांना काहीतरी विचारायची, श्वास सुटायची वाट बघायची. बापाचीच रीत.

एकदा तिने मॅडमचं माप घेतलं. केबिनचं दार लावलेलं होतं. मॅडमच्या छातीभोवती मी गेले तर फासळ्या मला लागत होत्या. मैत्रीने विचारलं, सकाळपासून काही खाल्लं नाही का, आणि का कोण जाणे, मॅडम बोलायला लागल्या. मापं घेताना माणसं बोलतात, हा माझा जुना अनुभव आहे. समोर डोळे नसतात म्हणून असेल.

मॅडम पेणकडच्या मिठागरातल्या घरातल्या. वडील आता ट्रक चालवतात, पण आई आयुष्यभर आगरात राबली. तिच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगांत लुगड्याचा धागा अडकायचा, म्हणून ती लुगडं वर खोचून फिरायची. शाळेत पोरी हसायच्या. घरातली पहिली पदवी नेत्राची, पहिली खुर्चीवरची नोकरी तिची. तीन वर्षं झाली तरी कंपनीने तिला अजून पक्कं केलेलं नाही, ह्या वर्षी करणार आहेत, आणि तेसुद्धा हा कार्यक्रम कसा होतो त्यावर. हे सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, मला मॅडम नको म्हणूस, ताई म्हण.

मैत्रीने सुचवलं, ताई, मग तुम्ही आईंचं लुगडंच नेसा ना, त्याच्यापरतं किनाऱ्याचं काय असणार. मॅडमनी मान हलवली. ते नको. मला मखमलीचा ब्लाउज आणि नवी नऊवारी. मैत्रीने आग्रह केला नाही.

मग तिने स्वतःचं मागणं सांगितलं. कोळ्यांचं आहे, आगऱ्यांचं आहे, मोहल्ल्याचं आहे, आमचंही एक असू दे. धम्मदिनाला आई पांढरी साडी नेसते, निळ्या काठाची. आमच्या वाडीत सगळ्याच नेसतात. मॅडम थोड्या थबकल्या. पांढरं रंगमंचावर उठून दिसत नाही, उगाच सुतकी वाटतं, असं काहीसं म्हणाल्या. मैत्रीची बोटं माझ्यावर घट्ट झाली. मॅडमनाही ते जाणवलं असावं. बरं, तूच नेस, त्या म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी तूच ये.

पुतळाबाईने ती साडी पेटीतून काढली, धुतली, तांदळाच्या पेजेची खळ दिली, आणि उन्हात न टाकता सावलीत वाळवली. वाडीत तिने किती जणींना सांगितलं ते मोजायला मी पुरले नसते.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. मैत्री सकाळच्या पहिल्या बोटीने आली. हातात दोन मोठ्या पिशव्या, वरच्या पिशवीत घडी न मोडलेली साडी. गोदामात फळ्यांवर लाल गालिचा अंथरला होता, खुर्च्या लागल्या होत्या. दाराशी कार्यक्रमाची यादी चिकटवली होती. मैत्रीने ती वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. बारा नावं होती. तेरावं नव्हतं. खाली ‘संकल्पना : नेत्रा’ आणि ‘वेशभूषा : अमिषा’ असं लिहिलेलं होतं.

अमिषा कोण, हे तिला तासाभराने कळलं. मुंबई ऑफिसच्या जाहिरात खात्यातली पोरगी, साहेबांबरोबर गाडीतून आलेली.

मैत्रीने मॅडमना गाठलं. मॅडम फोनवर होत्या. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी सांगितलं की वरून आलंय. कंत्राटदाराच्या माणसांनी कंपनीच्या स्टेजवर दिसायचं नाही. फोटो निघतात. उद्या त्या फोटोवरून कुणी कोर्टात गेलं, आम्हाला कायम करा म्हणून, तर? माझ्या हातात नाही गं. प्लीज, आज समजून घे, आत सगळ्यांना नेसवायला तूच हवीस.

मैत्री परत फिरून घरी जाऊ शकली असती. बोट होती. पण आतल्या खोलीत बाकीची माणसं अर्धवट नेसून तिची वाट बघत उभी होती. ओंकारला रुमालाची गाठ येत नव्हती, डिस्पॅचच्या बाईंची ओढणी घसरत होती. ती आत गेली. पिशवी भिंतीला टेकून ठेवली आणि टाचण्या ओठांत धरल्या. मी तिच्या गळ्यात होते. ती शीर त्या दिवशी उडत नव्हती. माझ्याखाली नुसती ताठ होती.

बाहेर गाणं सुरू झालं. एकेक जण जायला लागला. टाळ्या ऐकू येत होत्या. ओंकार परत आला तो चक्क हसत आला. शेवटची पाळी मॅडमची. त्या घाईने आत आल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मखमलीच्या ब्लाउजची मागची शिवण हुकांच्या खाली उसवली होती. सकाळपासून त्या हात वर करकरून माळा लावत होत्या, त्यात ती गेली.

काढून शिवायला वेळ नव्हता. मैत्रीने सुई ओवली आणि अंगावरच टाके घालायला सुरुवात केली. चालून आलेली माणसं फोटोसाठी बाहेर थांबली होती, खोलीत दोघीच होत्या. मैत्रीच्या हातात सुई होती आणि समोर मॅडमची उघडी पाठ. दोन टाके घालून ती थांबली.

“मॅडम, यादीतलं नाव वरून काढलं की तुम्ही काढलं?”

ताई हा शब्द गेला होता.  बाहेर गाण्याचं कडवं संपत आलं होतं.

“खरं सांगा. मी शिवणार आहेच.”

“वरून विचारलं होतं,” मॅडम म्हणाल्या. मान त्यांनी वळवली नाही. “कंत्राटाची मुलगी आहे, ठेवायची का, असं विचारलं होतं. मी नको म्हटलं.”

“का?”

“तुझं नाव राहिलं असतं, तर माझं काय राहिलं असतं, मैत्री?”

मला कान आहेत, पण मी कशालाही अडवू शकत नाही. त्या वेळी मला वाटलं, ही दोरा सोडून देईल. तीन टाके कच्चे ठेवले असते तर नऊवारीतल्या मॅडमची पाठ साहेबांसमोर उघडी पडली असती, आणि ते कुणाच्या हातून झालं हे कुणालाही कळलं नसतं. मैत्रीनेही तो विचार केला. केला हे मला ठाऊक आहे, कारण तिचा हात हवेत राहिला, आणि तिचा श्वास, जो ती कधी आत ओढत नाही, तो तिने आत ओढला.

मग तिने उरलेली शिवण घातली. जवळजवळ टाके, प्रत्येक तिसऱ्याला उलट. गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

“हात वर करून बघा,” ती म्हणाली. “नाही उसवायचं.”

मॅडम गेल्या. टाळ्या झाल्या. तेवढ्यात दारातून अमिषा आत आली. सुंदर मुलगी, आवाज मऊ. तिला आता डिझायनर म्हणून बोलावणार होते आणि आपण काय बोलायचं हे तिला कळत नव्हतं, असं ती बिचारी स्वतःच म्हणाली. मग तिची नजर मैत्रीच्या गळ्याकडे गेली.

“ही टेप द्याल का दोन मिनिटं? म्हणजे जरा डिझायनरसारखं वाटेल.”

ती दुष्ट नव्हती. मैत्री कोण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. निळ्या युनिफॉर्ममधली, तोंडात टाचण्या धरलेली एक बाई तिच्यासमोर होती, एवढंच. मैत्रीने टाचण्या एकेक करून पिनकुशनला लावल्या आणि मला गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं. घालून दिलं नाही, हातात दिलं. मला बोटं नाहीत, नाहीतर मी त्या मानेला धरून राहिले असते.

अशी मी स्टेजवर गेले. जिचं नाव पुकारायचं ठरलं होतं ती भिंतीच्या आड राहिली, आणि जिला नावच नाही ती मी उजेडात गेले. साहेबांनी विचारलं, किती दिवस लागले ह्याला? अमिषा म्हणाली, पाच आठवडे. आकडा अगदी बरोबर होता. मॅडमनीच तिला तो सांगितला होता. फोटो निघाले. सगळ्या फोटोंत मी आहे.

कार्यक्रमानंतर अमिषाने मला हारांच्या ढिगावर ठेवलं आणि ती गाडीत बसली. संध्याकाळी मॅडमनी मला उचललं. त्या मैत्रीला हाक मारायला दारापर्यंत गेल्या, पण बोट सुटून गेली होती. त्यांनी मला आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. सोमवारी देऊ, असं त्यांच्या मनात असावं.

सोमवारी मैत्री आली ती अर्ज घेऊन. चार ओळींचा, स्वच्छ अक्षरातला. ‘किनाऱ्याचा पेहराव’ ह्या कार्यक्रमातील सर्व कपडे मी बेतले व शिवले आहेत, तरी प्रमाणपत्रावर माझे नाव लिहावे. जागेबद्दल एक शब्द नव्हता. टेपबद्दलही नव्हता. मॅडमनी तो तिच्यासमोर वाचला, बघते म्हणाल्या. ती गेल्यावर पुन्हा वाचला, घडी घातली आणि खण उघडून माझ्या अंगावर ठेवला. तो कागद कितीतरी दिवस माझ्यावर होता. त्याच्याखालून मी फोन ऐकायची. दयारामला झालेला फोनही ऐकला. मॅडम म्हणाल्या, तिला आत ऑफिसात नको आता, बाहेर द्या कुठेतरी. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या.

दयारामने मैत्रीला वजनकाट्याजवळच्या संडासांवर घातलं, जिथे दिवसभर ट्रकवाले थांबतात. महिनाभर तिने ते केलं. मग एक दिवस आली नाही. सहायकाच्या जागेवर मुंबईच्या चिठ्ठीने एक मुलगा लागला. मॅडम पक्क्या झाल्या. ढालही मिळाली.

ढालीबरोबर काहीतरी आठवण म्हणून ठेवू या, असं कुणीतरी म्हणालं. खणातून मला काढलं. माझी सुबक गुंडाळी करून काचेच्या कपाटात ढालीच्या पायाशी ठेवली. खाली एक छापील चिठ्ठी : ‘किनाऱ्याचा पेहराव. वेशभूषाकार अमिषा यांची टेप.’ अर्जाचं काय झालं ते मला माहीत नाही.

इथे बसून मी माणसं बघते. कुणी माझ्याकडे बघत नाही. बघितलं तर ढालीकडे बघतात आणि काचेत केस नीट करतात.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मैत्री दारातून आत आली. युनिफॉर्म नव्हता, साधा पंजाबी ड्रेस, स्वतः शिवलेला. कॉलर कशी बसलीय ते बघून मी ओळखलं. दयारामकडचं अनुभवपत्र इथे ठेवलेलं होतं, ते न्यायला आली होती. दाराशी दादू वॉचमन असतो. म्हातारा कोळी, पायाने अधू, बोटीवर जाता येत नाही म्हणून ही नोकरी करतो. त्याने तिला खुर्ची दिली. तिने पत्र उघडून वाचलं. ‘स्वच्छता कर्मचारी, काम समाधानकारक.’ तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. तिला हसूही आलं नाही.

मग तिने मला पाहिलं. उठून कपाटाशी आली. इतक्या जवळ की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने चिठ्ठी वाचली.

“तुझी हाय ना ती?” दादूने मागून विचारलं.

“बाबांची.”

त्याने आणखी काही विचारलं नाही, पण ती आपणहून सांगत राहिली. त्या शनिवारी घरी गेली तर आई उंबऱ्यात उभी होती. नेसलीस का, एवढंच विचारलं. पिशवीतली घडी बघून तिला कळलं. पुढे ओंकारने मोबाइलवर फोटो पाठवले. आईने त्या दुसऱ्या मुलीच्या गळ्यातली टेप ओळखली आणि फोन उपडा ठेवला. मग मैत्रीचीच समजूत घालायला लागली. तुझ्या बानं अख्ख्या शाळांचे गणवेश शिवले, कुठल्या पोराच्या पाठीवर त्याचं नाव व्हतं?

“मी म्हटलं,” मैत्री म्हणाली, “पाठीवर नव्हतं, पाटीवर होतं.”

 दादूने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. कपाटाची चावी त्याच्याकडे असते. इकडे तिकडे बघून तो म्हणाला, “घेऊन जा. कोन बघतंय. मी न्हाय काय सांगत.”

मी माझ्या गुंडाळीत ताठ झाले. मैत्रीचा हात काचेपर्यंत आला, पाची बोटं टेकली.

“नको, दादूकाका. उद्या चोरी म्हणतील. आणि तुमची नोकरी जाईल.”  मग ती माझ्याकडे बघतच म्हणाली, “आणि ती लांबलीय आता. कापडी टेप वापरून वापरून ताणते. दोन सूत चुकायला लागली होती, मी मनात धरून कापायची. नवी घेतलीय मी.”

खरं आहे ते. दोन सूत, म्हणजे पाव इंच, मी लांबले आहे. ती इतके दिवस माझी चूक सांभाळून घेत होती हे मला त्या दिवशी कळलं.

तिच्या बोटांचे ठसे काचेवर उठले होते. पाच वर्षांची सवय, तिने ओढणीचं टोक हातात घेतलं, पुसायला वर उचललं. मग सोडून दिलं. तशीच वळली आणि फेरीबोटीच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी साफसफाईची नवी बाई आली आणि तिने फडक्याने ते ठसे पुसून काच लख्ख केली. तिचं ते कामच आहे.

एवढं माझं आयुष्य. तुम्ही कधी दिघीकडे आलात आणि ह्या काचेसमोर बसायची वेळ आली, तर मला सोडवा असं मी म्हणणार नाही. सोडवलंत तरी माझ्याने आता कुणाचं माप बरोबर व्हायचं नाही. एक विनंती आहे. दादूकडून चावी मागून घ्या आणि माझ्याखालची ती चिठ्ठी तेवढी काढा. दुसरी लावू नका. जागा कोरी राहिली तरी चालेल.